ओढ्याची वीज आणि अर्ध्या अँपिअरची वाटणी

आमची वाडी भोर तालुक्यात, घाटमाथ्याच्या अंगाला. 22 उंबरे. विजेचे खांब खालच्या गावापाशीच थांबलेले. नंदुरबारमधल्या बिलगावच्या लोकांनी 2003 साली श्रमदानातून धबधब्यावर 15 किलोवॅटची वीज केली होती. पुढे ते केंद्र सरदार सरोवराच्या पाण्यात गेलं. तरी त्यांना जमलं होतं, एवढं माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

ओढ्याचं पाणी आम्ही जानेवारीच्या अखेरीस मोजलं. पावसाळ्यातल्या ओढ्यावर भरवसा ठेवायचा नसतो. वरच्या धारेखाली 200 लिटरचा ड्रम धरला, आठ सेकंदांत भरला. म्हणजे सेकंदाला 25 लिटर. पारदर्शक नळीत पाणी भरून धारेपासून खालपर्यंतची उंची टप्प्याटप्प्यानं मोजली, ती 24 मीटर निघाली. या हिशेबानं पाण्यात जवळपास सहा किलोवॅट ताकद होती, त्यातली निम्मी हाती लागली तरी खूप.

पाणी खाली आणणारा पाइप वनजमिनीतून जाणार होता. एका कार्यालयात आमचा अर्ज सात महिने पडून राहिला. मग वनहक्क कायद्यातलं कलम 3(2) कुणीतरी दाखवलं: ग्रामसभेची शिफारस असेल तर अपारंपरिक ऊर्जेसाठी एक हेक्टरच्या आतली वनजमीन देता येते. ठराव केला, पुन्हा अर्ज केला, तेव्हा कुठे काम हललं.

टर्बाइन, म्हणजे पाण्याच्या जोरावर फिरणारं यंत्र, परवडणारं नव्हतं. तालुक्याच्या मोटार रिवायंडिंगवाल्यानं साधा पंपच उलटा चालवला, त्याच्याच मोटारीला कपॅसिटर लावून जनरेटर केला. तीन किलोवॅट मिळाले. पहिल्या संध्याकाळी सगळी वाडी उजळली आणि पाऊण तासात विझली. कुणीतरी पाण्यात हीटर टाकला होता. अशा जनरेटरवर भार जास्त झाला की व्होल्टेज एकदम कोसळतं, मोटारीतलं चुंबकत्वही जातं. मग अंधारात ओढ्यावर उतरायचं, बारा व्होल्टची बॅटरी क्षणभर टेकवायची आणि पुन्हा चालू करायचं. त्या आठवड्यात मी पाच वेळा उतरलो.

शेवटी देवळात बैठक बसली. दर घरी अर्ध्या अँपिअरचा एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप बंद पडणारा स्विच. घरटी साधारण 115 वॅट. चार एलईडी दिवे, टीव्ही, मोबाइल त्यात बसतात. जो जास्त ओढेल त्याचंच घर बंद पडेल. पिठाची चक्की दुपारीच, सोमवारी आणि गुरुवारी.

हीटर लावला होता तो एका आजींनी, घरात बाळंतीण होती म्हणून. त्या बैठकीत म्हणाल्या, "बाबा, लेकराला गार पाण्यानं न्हाऊ घालू का?" मला उत्तर सुचेना. रिवायंडिंगवाल्यालाच सुचलं. मागणी कमी असली की जनरेटर जास्त वेगानं पळू नये म्हणून उरलेली वीज तापणाऱ्या कॉइलमध्ये जाळावी लागते. ती कॉइल आम्ही समाजमंदिराजवळच्या ड्रममध्ये बसवली. आता दुपारी तिथे कढत पाणी असतं, पहिली कळशी बाळंतिणीची.

मार्चमध्ये धार सेकंदाला पाच लिटरवर येते. तेवढ्यात पंप फिरत नाही. म्हणून वर दगड-सिमेंटचा छोटा बंधारा बांधला. दिवसभर पाणी साठवतो, संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ सोडतो. त्या दिवसांत चक्की आणि कढत पाणी बंद. पातळी बघून शाळेच्या फळ्यावर खडूनं लिहायची पाळी दर घरी आठवड्यानं बदलते. या आठवड्यात ती आजींच्या घराकडे आहे.