सात नंबरचा कॅमेरा

लाइव्ह क्रिकेटला माझ्याकडे सात नंबरचा कॅमेरा असतो. वरच्या मचाणावर, 86 पटीच्या झूमची लेन्स. कागदोपत्री काम सीमारेषेवरच्या फिल्डरांचं. षटक संपलं की कानात टॉकबॅकवर डायरेक्टरचा आवाज येतो, "सात, पब्लिक दे." पब्लिक म्हणजे कोण, हे कुणी शिकवत नाही. स्टँडात ढेरपोटे काका असतात, डबे उघडून बसलेली कुटुंबं असतात. पण नवा पोरगासुद्धा दोन सामन्यांत काय ते समजतो.

त्या संध्याकाळी समोरच्या स्टँडात पिवळ्या कुर्त्यातली एक मुलगी दिसली. मांडीवर आडवी स्कोअरची वही, हातात दोन रंगांच्या पेन्सिली. प्रत्येक चेंडूनंतर मान खाली, एक खूण, मान वर. मी स्वतः कॉलेजात असताना क्लबच्या सामन्यांना स्कोअर लिहायला बसायचो. बाय आणि लेगबायच्या रकान्यांनी काय छळ होतो ते मला ठाऊक. खूश होऊन मी वहीसकट फ्रेम दिली.

"छान आहे सात. टाइट घे. अजून टाइट. ती वही काढ."

मी अंगठा दाबला, वही गेली. मग पेन्सिली गेल्या. उरला चेहरा, गळा, कपाळावर आलेली बट. टॅलीचा लाल दिवा लागला, म्हणजे माझा शॉट प्रक्षेपणात गेला.

असं नाही की आम्हाला कुणी टोकलं नव्हतं. 2018 च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी फिफानेच प्रक्षेपण करणाऱ्यांना सांगितलं होतं की स्टँडातल्या सुंदर मुलींवर झूम करणं आवरा. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तर खेळाडू बायकांचं चित्रण पुरुषांसारखंच करा, अशी कॅमेरामनना सूचना होती. आमच्या ओबी व्हॅनमध्ये, म्हणजे प्रक्षेपणाच्या गाडीत, यावर चहासोबत विनोद झाले. मीही हसलो होतो.

शॉट 4 सेकंदांचा. पण रिप्लेवाल्याने तो उचलला आणि जाहिरातीत जाताना स्लो मोशनमध्ये सोडला. मुलगी षटकाची बेरीज करत होती, हातचा पुटपुटत होती, एवढंच. वही नसलेल्या फ्रेममध्ये, त्या गतीने, ते हलणारे ओठ भलतंच काही झाले. मैदानातल्या मोठ्या पडद्यावर ते आलं आणि सगळ्या स्टँडातून शिट्ट्या सुरू झाल्या.

तिने वर पाहिलं. आधी हसली. मग वही उचलून छातीशी धरली.

जाहिरात संपली, खेळ सुरू झाला. मी काम सोडून तिच्यावरच लेन्स ठेवली होती. पहिला चेंडू पडला तेव्हाही वही छातीशीच होती. मग तिने शेजारच्या काकांना वाकून काहीतरी विचारलं. चेंडूवर काय झालं तेच असणार. काकांनी खांदे उडवले. रकाना रिकामा राहणं स्कोअररला किती लागतं, हे ज्याने वही धरलीय त्यालाच कळेल.

दोन षटकांनी पुन्हा आवाज. "सात, ती पिवळी आहे का रे?"

"उठून गेली," मी म्हणालो आणि कॅमेरा वडापाव खाणाऱ्या एका आजोबांवर नेला. "हे काय देतोयस?" असं आलं, पण दिवा लागला.

पुढचं षटक संपल्यावर मी हळूच परत गेलो. टॅली बंद होता. ती ब्लेडने पेन्सिलीला टोक काढत होती, साल वहीच्या घडीत जमा करत.