उतरताना दुखणारी गुडघ्याची वाटी

कळसूबाई उतरताना शिडीवर गुडघा धरून थांबलेल्या माणसाच्या मनात पहिली भीती येते ती सांधा झिजल्याची. तरुण वयात बहुतेक वेळा तसं नसतं. कुठे दुखतं विचारलं तर बोट एका जागी ठेवता येत नाही, तळव्याने सगळी वाटीच झाकली जाते. जिना उतरताना, उकिडवं बसताना, एसटीत तासभर पाय दुमडून बसल्यावर दुखतं, ही या दुखण्याची खूण.

गुडघा वाकतो तशी वाटी मांडीच्या हाडाच्या खाचेत सरकते आणि तिथे दाबली जाते. सपाटीवर चालताना हा दाब शरीराच्या वजनाच्या साधारण निम्मा, जिन्यावर सुमारे तिप्पट, खोल बैठकीत सातपटीच्या आसपास. त्यात मांडी आणि कुल्ल्याचे स्नायू कमजोर असले, किंवा चालणं-पळणं एकदम वाढवलं, की वाटी कुरकुरायला लागते.

पूर्ण विश्रांती घेऊ नका, मांडी आणखी बारीक होते. उतार आणि खोल बैठका तेवढ्या काही दिवस कमी करा. व्यायामात सगळ्यात कामाचा पायरीचा: १० ते १५ सेंमी उंच पायरीवर दुखऱ्या पायावर उभं राहा, दुसऱ्या पायाची टाच ३ सेकंदांत हळूहळू जमिनीला टेकवा, वर या. असं १० वेळा, ३ फेऱ्या, दिवसाआड. समोर आरसा हवाच, कारण गुडघा नकळत आत झुकतो. तो पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. जोडीला कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचला, जरा मागच्या बाजूला. पाय पुढे आला की कुल्ल्याऐवजी मांडीच काम करते आणि मेहनत वाया जाते.

व्यायाम करताना दुखण्याला दहापैकी गुण द्या, तीनपर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या सकाळपर्यंत ते शमायला हवं. नाही शमलं तर पुढच्या वेळी फेऱ्या कमी करा. निदान ६ आठवडे तरी द्या. बरेच जण दुसऱ्याच आठवड्यात सोडतात आणि व्यायामाला नावं ठेवतात. वाटीवर चिकटपट्टी लावल्याने सुरुवातीला आराम पडतो, ताकद मात्र वाढत नाही. नुसता कटकट आवाज येत असेल आणि दुखत नसेल तर काळजी नको.

गुडघा सुजला, अडकला, पडल्यावर लचकायला लागला, गरम होऊन ताप आला किंवा रात्री झोपमोड होऊ लागली तर डॉक्टरांना दाखवा. लंगडणाऱ्या मुलाचा गुडघा दुखत असेल तर खुब्याचा सांधाही तपासून घ्या. तिथलं दुखणं गुडघ्यात जाणवतं.