तुम्ही विचारलंत म्हणून: दोरा किती आणायचा?

मॅक्रमेचं, म्हणजे दोऱ्याला गाठी मारून विणायचं, काम हातात दिसलं की प्रश्न ठरलेला: "ताई, याला दोरा किती लागतो? मी किती आणू?" घाईत असले की मी सांगून टाकते, तयार लांबीच्या चौपट, आणि दोरा दुमडून अडकवायचा असेल तर आठपट. सगळे हेच सांगतात. पण हे उत्तर अर्धवट आहे आणि ते मला खटकतं. चांगला सुती दोरा काही स्वस्त येत नाही.

सगळे पदर सारखे खर्च होत नाहीत, हा खरा मुद्दा. स्क्वेअर नॉट या मॅक्रमेच्या नेहमीच्या गाठीत चार पदर असतात. मधले दोन नुसते उभे असतात, कडेचे दोन त्यांना वेढे घालत खाली येतात. मी 3 मिलिमीटर जाडीच्या दोऱ्याचे मीटर-मीटरचे चार पदर घेऊन दहा गाठी मारल्या. पट्टी झाली 10 सेंटीमीटरची. मधल्या पदरांचे तेवढेच गेले, कडेच्यांचे 55. साडेपाच पट! हात घट्ट असेल तर आणखी जास्त. म्हणून दुसऱ्याचा आकडा उसना घेऊ नका, दहा गाठी स्वतः मारून मोजा.

आता कुंडीचं शिंकाळं घ्या. आजीच्या घरी दुधादह्याला असायचं, तेच. कडीपासून बुडापर्यंत 1 मीटर, खाली 30 सेंटीमीटरचा झुपका, आठ दोरे कडीतून ओवून दुमडलेले, म्हणजे सोळा पदर, चार बाजूंना चार-चार. प्रत्येक बाजूला गाठी 40 सेंटीमीटर, बाकी मोकळं. वेढ्याचा पदर, सेंटीमीटरमध्ये: गाठींना 220, मोकळ्या भागाला 60, झुपक्याला 30, म्हणजे 310. मधला पदर फक्त 130. मिळून एक दोरा 4.4 मीटर, आठांचे 35. कडीखाली आणि बुडाशी गुंडाळायला 2 मीटर धरा. प्रत्येक दोऱ्याला 1.3 मीटरची आठपट धरली असती, तर 83 मीटर आणले असते! मात्र दोरा बरोबर मध्यावर दुमडायचा नाही, एक पाय लांब आणि एक आखूड ठेवायचा.

दुकानात दोरा बहुतेक वजनावर मिळतो. घरातला उरलेला, त्याच जाडीचा दोरा 10 मीटर मोजून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा, म्हणजे ग्रॅमचा हिशेब लागतो.

आणि सगळा दोरा एकदम घ्या. माझ्या पहिल्या तोरणाला शेवटचे सहा दोरे कमी पडले. त्याच दुकानातून तसाच मोतिया रंगाचा दोरा आणला. रात्री दिव्याखाली जुळला. सकाळी दारात टांगलं, तर उजवी बाजू पिवळट दिसायला लागली. वेगळ्या लॉटचा, म्हणजे वेगळ्या वेळी रंगवलेला होता. ती बाजू सोडवताना फार वाईट वाटलं. तेव्हापासून हिशेबाच्या वर दहावा हिस्सा जास्त घेते, आणि दहा गाठींचा नमुना आकड्यांच्या चिठ्ठीसकट उरलेल्या लडीलाच बांधून ठेवते.