उन्हाळ्यातला बटाटा आणि रुबिस्कोचा चुकलेला घास

उष्णतेनं पान करपतं ते फार उशिरा. त्याच्या कितीतरी आधी, पान हिरवंगार असताना आणि मुळाशी पाणी असतानाही, झाडाची कमाई घटायला लागलेली असते. याचं मोठं कारण म्हणजे रुबिस्को. कार्बन डायऑक्साइड पकडून साखरेच्या कामाला लावणारं हे एन्झाइम ऑक्सिजनही पकडतं. २५ अंशांच्या आसपास साधारण चारांतला एक घास ऑक्सिजनचा असतो. पारा चढला की हे प्रमाण आणखी बिघडतं, कारण पाण्यातल्या कार्बन डायऑक्साइडची विद्राव्यता ऑक्सिजनपेक्षा जास्त वेगानं घटते आणि खुद्द रुबिस्कोची पारखही ढिली पडते. त्यातच पाण्याचा ताण बसून पर्णरंध्रं मिटली, तर पानातला कार्बन डायऑक्साइड अजून खाली जातो.

ऑक्सिजन पकडला की दोन कार्बनांचं फॉस्फोग्लायकोलेट बनतं. ते साठलं तर केल्विन चक्रातल्या, म्हणजे साखर बनवणाऱ्या साखळीतल्या, एन्झाइमांनाच अडवतं, म्हणून झाड ते निस्तरत बसतं. आधी त्याचं ग्लायकोलेट होतं, ते हरितलवकातून पेरॉक्सिझोम या पेशीतल्या दुसऱ्या कप्प्यात जातं, तिथून मायटोकॉन्ड्रियात, पुन्हा पेरॉक्सिझोममध्ये आणि मग परत हरितलवकात. या फेऱ्यात चारांतला एक कार्बन मायटोकॉन्ड्रियात सुटतो. सोबत अमोनियाही सुटतो, आणि तो पुन्हा बांधायला वेगळी ऊर्जा लागते. हे प्रकाशश्वसन.

हा लांबचा फेरा टाळून ग्लायकोलेट हरितलवकातच निस्तरायचं, अशी एक आडवाट बाहेरची जनुकं घालून झाडात बनवता येते. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या राइप या, पिकांचं प्रकाशसंश्लेषण सुधारू पाहणाऱ्या, प्रकल्पाच्या गटानं तंबाखूत तीन वेगवेगळ्या वाटांच्या १७ रचना करून पाहिल्या. निकाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांत चांगली ठरली ती दोनच एन्झाइमांची वाट: क्लॅमिडोमोनास या हिरव्या शेवाळाचं ग्लायकोलेट डिहायड्रोजिनेज आणि लाल भोपळ्याचं मॅलेट सिंथेज. पहिलं ग्लायकोलेटचं ग्लायऑक्सिलेट करतं, दुसरं ते असिटिल-कोए या पेशीतल्या रेणूला जोडून मॅलेट बनवतं. पुढचं काम झाडाची स्वतःची एन्झाइमं करतात.

इथे हिशेब उलटा वाटतो. जुन्या वाटेनं चारांतला एक कार्बन जातो, नव्या वाटेनं ग्लायकोलेटचे सगळेच कार्बन डायऑक्साइड होऊन सुटतात. मग फायदा कसला? फायदा जागेचा. मायटोकॉन्ड्रियात सुटलेल्या वायूतला काही भाग पानाबाहेर निसटतो. हरितलवकात सुटलेला थेट रुबिस्कोच्या तोंडापाशी येतो आणि तिथलं प्रमाण सुधारतो. शिवाय अमोनिया सुटतच नाही.

या दोन एन्झाइमांच्या जोडीला तिसरा भाग आहे पीएलजीजी१ हा वाहक, म्हणजे हरितलवकाच्या पडद्यातलं ने-आण करणारं प्रथिन. ग्लायकोलेट हरितलवकाबाहेर पडतं ते याच दारातून. आरएनए हस्तक्षेपानं, म्हणजे त्याच्या जनुकाचा आवाज दाबून, हे दार अरुंद केलं की माल नव्या वाटेकडे वळतो. अशा तंबाखूचं शेतातलं जैवभार ४० टक्क्यांहून जास्त वाढलं. पण बातम्यांच्या मथळ्यांत तेव्हा जे निसटलं ते इथे सांगतो: हे पाला-खोडाचं कोरडं वजन आहे, दाण्याचं उत्पन्न नव्हे.

करताना हमखास फसतं ते असं. दोन्ही प्रथिनांना हरितलवकात नेणारा पत्ता, म्हणजे ट्रान्झिट पेप्टाइड, नीट बसला नाही तर एन्झाइम पेशीद्रवातच पडून राहतं. जनुक आहे, प्रथिन आहे, परिणाम शून्य. दुसरं, पहिलं एन्झाइम जोरात आणि दुसरं मंद असलं तर मधलं ग्लायऑक्सिलेट तुंबतं. ते विषारी आहे. म्हणून प्रमोटरच्या, म्हणजे जनुक किती जोरात चालेल हे ठरवणाऱ्या डीएनए-तुकड्यांच्या, वेगवेगळ्या जोड्या लावून पाहाव्या लागतात. एकच प्रमोटर पुन्हा पुन्हा वापरला तर जनुक मूक होण्याचा धोका वाढतो. तिसरं, झाडात जनुक पोचवणारा ॲग्रोबॅक्टेरियम हा जीवाणू ते कुठे बसवेल हे आपल्या हातात नसतं, तेव्हा एकाच झाडावर भरवसा न ठेवता अनेक स्वतंत्र ओळी (म्हणजे वेगवेगळ्या बदललेल्या झाडांपासून वाढवलेले वंश), शक्यतो जनुकाची एकच प्रत बसलेल्या, तपासायच्या.

रोपांची पहिली चाळणी स्वस्तात होते. लहान रोपं उजेडात, जवळजवळ कार्बन डायऑक्साइड नसलेल्या हवेत २४ तास ठेवायची आणि हरितद्रव्याची प्रतिदीप्ती, म्हणजे त्यानं परत फेकलेला मंद उजेड, मोजायची. प्रकाशश्वसनाचा ताण ज्यांना झेपत नाही त्यांचा आकडा कोसळतो, आडवाट चालू असलेल्यांचा कमी घसरतो. तुलनेसाठी एफव्ही-एफएम गुणोत्तर, म्हणजे प्रतिदीप्तीवरून काढलेला पानाच्या तब्येतीचा आकडा, लक्षात ठेवा: निरोगी पानात, २०-३० मिनिटं अंधारात ठेवल्यावर, ते ०.८३ च्या आसपास येतं. अंधाराची ही वेळ चोरली तर आकडा उगीचच खाली दिसतो आणि चांगली ओळ फेकली जाते.

बटाट्यात हीच वाट घालून २०२२ साली इलिनॉयमध्ये शेतात लावणी झाली. हंगामाच्या सुरुवातीला उष्णतेची लाट आली, तरी बदललेल्या झाडांचे कंद साध्या झाडांपेक्षा ३० टक्के जास्त भरले. अशा चाचणीत मला आधी विचारावंसं वाटतं ते बेण्याबद्दल. बेण्याचे कंद एकाच आकाराचे, एकाच वयाचे होते का? मोठ्या बेण्याचं झाड सुरुवातीलाच पुढे जातं आणि श्रेय जनुकाला मिळतं. तुलनेची साधी झाडंही ऊतीसंवर्धनातून काढलेलीच हवीत, कारण त्या प्रक्रियेनंच झाडात बारीकसारीक बदल होतात. वाफ्याच्या कडेच्या ओळी मोजायच्या नाहीत.

या वाटेनं सुटत नाही असंही बरंच आहे. रुबिस्कोला चालू ठेवणारं ॲक्टिव्हेज हे रुबिस्कोपेक्षा कमी तापमानात मोडतं. ते मोडलं की आडवाट असून काय करणार. आणि बटाट्याला कंद धरायला रात्र थंड लागते. रात्री गरम राहिल्या तर पानानं कमावलेली साखर पाला वाढवण्यात जाते. म्हणून आपल्याकडे पुणे जिल्ह्यातल्या सातगाव पठारावर खरीप बटाटा होतो तो तिथल्या थंड हवेच्या जोरावर, आणि ती थंडी कुठलंही जनुक आणून देत नाही.

उसाला हे करता येईल का, असा प्रश्न येतोच. गरज नाही. ऊस, ज्वारी, मका, बाजरी ही सी-४ पिकं आहेत. ती रुबिस्कोभोवती कार्बन डायऑक्साइड आधीच कोंडून ठेवतात, आणि बांधावरची घोळसुद्धा तेच करते. प्रश्न आहे तो सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा आणि गव्हाचा.