चुरचुरतंय म्हणजे काम करतंय

परवा डोळे तपासायला गेले होते, तिथे ते थेंब घालून डोळे मिटून बसवतात ना, तशी अर्धा तास बसले, आणि मग सहज आरशात बघितलं तर बाहुल्या ही एवढ्या मोठ्या, काळ्याभोर, खरं सांगू, जरा छानच दिसत होते मी! म्हणजे दिसत असणार, कारण मला सगळं धुरकटच दिसत होतं.

मग बेलाडोना आठवलं. इटलीत पूर्वी बायका या विषारी झाडाचा रस डोळ्यात घालायच्या, बाहुल्या मोठ्या दिसाव्यात म्हणून, नावाचा अर्थच मुळी सुंदर बाई. त्यातलं अ‍ॅट्रोपिन डोळ्यांचे डॉक्टर अजूनही वापरतात. म्हणजे समोरचा घायाळ व्हायचा आणि हिला तो धड दिसायचाही नाही.

शिशाचं त्याहून वाईट. युरोपात गोरं दिसायला पांढऱ्या शिशाचा लेप लावायचे, त्यानं कातडी खराब व्हायची, मग ते डाग झाकायला अजून जाड लेप! इंग्लंडच्या मोठ्या घरात लग्न करून गेलेली, रूपासाठी गाजलेली मारिया गनिंग 1760 मध्ये तिशीच्या आतच गेली, तेव्हापासून दोष या लेपालाच देतात.

आणि हे फक्त नटण्यापुरतं नव्हतं हां. 1799 मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनचा घसा सुजला तर डॉक्टरांनी एका दिवसात त्याचं जवळपास अडीच लिटर रक्त काढलं. बरं वाटेना, म्हणून अजून काढलं. रात्री गेला बिचारा. अठराव्या शतकात लंडनला नदीत बुडालेल्या माणसाला शुद्धीवर आणायला भात्याने तंबाखूचा धूर आत सोडायचे, कुठून ते विचारू नका, तोंडातून नाही एवढंच सांगते. त्याची सामानाची पेटी थेम्सच्या काठी तयार असायची. तंबाखूनं ऊब येते, अंगात तरतरी येते, असा हिशोब. ऐकायला पटतंय की!

हसायला मला काय जातंय म्हणा. मागच्याच महिन्यात एका रीलमधला फेसपॅक लावला होता, त्यातली बाई हसत हसत म्हणाली, थोडं चुरचुरलं तर घाबरू नका, म्हणजे काम करतंय. गाल लालबुंद झालेले दिसत होते, तरी मी घड्याळ लावून पूर्ण वीस मिनिटं बसले.