पायाची भिंगरी आणि पहाटेची खुर्ची

रेडिओवर बातम्या देणारं माणूस त्या बातम्यांच्या गावाला कधी जाऊन आलं असेल, असं लहानपणी माझ्या मनातही आलं नाही. ‘सुधा नरवणे आपल्याला प्रादेशिक बातम्या देत आहे’ हे सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी कानावर पडायचं, तेव्हा घरात वडिलांची दाढी आणि आईचा दुसरा चहा चाललेला असायचा. धरण भरो नाहीतर मंत्रिमंडळ पडो, आवाजाची पट्टी तीच. स्वच्छ, शांत, अलिप्त. त्या आवाजाने कुणाला उलटा प्रश्न विचारायची सोयच नव्हती, आणि आम्हालाही ते खटकत नव्हतं.

पुढे मोबाईलवर बीबीसी रेडिओ फोर लागायला लागलं आणि ‘टुडे’ हा सकाळचा कार्यक्रम ऐकायची सवय जडली. लंडनला आठ वाजून दहा मिनिटांनी त्यातली मुख्य मुलाखत. तिकडच्या उन्हाळ्यात ती वेळ आपल्याकडे बारा चाळीस, म्हणजे आमच्या वरणाला फोडणी पडायची. तिकडे एखादा मंत्री ऐसपैस वाक्य मांडायला घ्यायचा आणि कार्यक्रमाचे निवेदक जॉन हम्फ्रीज त्याला अर्ध्यातच अडवून मूळ प्रश्नापाशी आणून उभं करायचे. आमच्या सासूबाईंना इंग्रजी फारसं कळत नसे. तरी ‘हा माणूस भलताच तोंडाळ दिसतो’ हे त्यांनी ओळखलं होतं.

हा तोंडाळपणा आयता आलेला नव्हता. जन्म १९४३चा, वेल्समधल्या कार्डिफच्या कामकरी वस्तीतला. पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि एका गावठी साप्ताहिकात उमेदवारी सुरू झाली. १९६६च्या ऑक्टोबरात वेल्समधल्याच ॲबरफॅन गावावर कोळसा खाणीच्या टाकाऊ मातीचा डोंगर घसरला, तो थेट शाळेवर. ११६ मुलं आणि २८ मोठी माणसं गेली. हम्फ्रीज तेव्हा तिथल्या स्थानिक टीव्हीचे २३ वर्षांचे बातमीदार. सगळ्यांत आधी पोचलेल्यांपैकी एक. खाणीतून तसेच वर आलेले, काळ्या तोंडांचे बाप फावड्यांनी चिखल उपसत आपलीच पोरं शोधत होते. पुढे चौकशी झाली, खाणी चालवणाऱ्या सरकारी मंडळावर ठपका आला आणि नोकरी मात्र एकाचीही गेली नाही. साहेबांच्या शब्दावर सहजी विश्वास ठेवायचा नाही, हे माझ्या मते त्या माणसात तिथे मुरलं.

मग बीबीसी, आणि पायाला भिंगरी. मुलं लहान असताना महिनोन्‌महिने भारत-पाकिस्तानसारख्या ठिकाणी. पुढे बायकामुलांसह अमेरिका. १९७४ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन पायउतार झाले ती बातमी त्यांनी तिथून उपग्रहामार्फत थेट दिली. त्यानंतर दक्षिण आफ्रिका, आणि शेजारी ऱ्होडेशियाचं झिंबाब्वे होताना पाहणं. आपल्याला हे सगळं रुबाबदार वाटतं. त्यांना मात्र हॉटेलांचा उबग आला आणि १९८० साली ते लंडनला परतले. पुढच्याच वर्षी बीबीसीने ठरवलं की रात्री नऊच्या टीव्हीवरच्या बातम्या नुसत्या वाचणाऱ्यांनी नव्हे, तर बातमीदारी केलेल्यांनी द्यायच्या. तिथे हे बसले. जानेवारी १९८७ मध्ये ‘टुडे’ची खुर्ची मिळाली, ती सप्टेंबर २०१९ पर्यंत.

मला या बदलात खरी गंमत वाटते ती अशी. परदेशातला बातमीदार हा उत्तरं देणारा प्राणी. कानात इअरफोनचं बोंडूक घालून तो चौकात उभा असतो आणि लंडनचा आवाज विचारतो, तिकडे काय परिस्थिती आहे? परिस्थिती त्यालाही धड ठाऊक नसते. तो तासभर रस्ता अडलेल्या गाडीत होता; वृत्तसंस्थेची ताजी तार त्याच्याआधी लंडनच्याच टेबलावर पडलेली असते. तरी दोन मिनिटं भरून काढावीच लागतात. ही कसरत ज्याने वर्षानुवर्षं केली, त्याला समोरचा मंत्री केव्हा माहिती देतोय आणि केव्हा नुसती वेळ भरतोय, हे ऐकताक्षणी कळणारच. चोराच्या वाटा चोराला ठाऊक, दुसरं काय!

१९९५ साली जोनाथन एटकन नावाच्या मंत्र्याने हम्फ्रीज लोकशाही चर्चेच्या विहिरीत विष कालवतात, असा जाहीर आरोप केला होता. हेच एटकन पुढे खोट्या साक्षीपायी तुरुंगात गेले. पण मला जास्त आवडतो तो १० नोव्हेंबर २०१२चा शनिवार. बीबीसीच्याच एका कार्यक्रमाने एका निर्दोष राजकारण्यावर भलता संशय येईल असं वृत्त दिलं होतं. महासंचालक जॉर्ज एंटविसल ‘टुडे’त आले. हम्फ्रीजनी आपल्या सर्वांत वरच्या साहेबाला साध्या, आखूड प्रश्नांनी घेरलं. तो कार्यक्रम साहेबांनी त्या रात्री पाहिलाच नव्हता, मुलाखतीच्या आदल्याच दिवशी गाजलेला पेपरातला लेखही वाचला नव्हता. संध्याकाळी राजीनामा. पदावर जेमतेम ५४ दिवस झाले होते. आपल्या पगारपत्रकाच्या मालकाला असं विचारायला आपल्यातला कोण धजावेल? मी तर नाही.

तरी सगळं कौतुकच आहे असं नाही. २०१७ साली बीबीसीने पगार जाहीर केले, त्यात हम्फ्रीज सहा लाख पौंडांच्या वर. बीजिंगहून चीनचं वार्तांकन सांभाळणाऱ्या कॅरी ग्रेसींना १,३५,००० पौंड. त्याच दर्जाच्या पुरुष सहकाऱ्यांपेक्षाही बरेच कमी. जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी ते पद सोडलं. योगायोग असा की ती बातमी फुटली त्याच्या दुसऱ्या सकाळी ‘टुडे’त हम्फ्रीजच्या शेजारी निवेदक म्हणून त्याच होत्या. आणि प्रक्षेपणाआधी हम्फ्रीज अमेरिकेतल्या एका सहकाऱ्याशी याच विषयावर थट्टा करत होते, ते ध्वनिमुद्रणही बाहेर आलं. दुनिया तुडवणाऱ्या पायांपेक्षा गादीच्या खुर्चीला जास्त दाम, हे मला तेव्हाही पटलं नाही, आताही पटत नाही. खुर्चीसाठी पहाटे चारच्या आत उठावं लागतं हे मान्य करूनसुद्धा.

‘टुडे’ सोडल्यावर हम्फ्रीज क्लासिक एफएमवर शास्त्रीय संगीताच्या तबकड्या लावायला लागले. तिथे बाख आपलं वाक्य पुरं करायचा, आणि हे मध्ये बोलत नसत म्हणे.