कोठडीतून समुद्र दिसत नाही

१२ जानेवारी, रात्र

सव्वापाचला सूर्य बुडाला आणि सहापर्यंत मिट्ट काळोख. अप्पांनी दोनदा घड्याळ कानाशी धरून पाहिलं. घड्याळ बरोबर आहे. अंदमान इतकं पूर्वेला आहे की सूर्य इथे आपल्या प्रमाणवेळेच्या चाळीसेक मिनिटं पुढे असतो. हॉटेलातल्या मुलाने आल्या आल्या सांगून टाकलं, "जो भी देखना है, सुबह देख लीजिए."

विमान खाली येऊ लागलं तेव्हा अप्पा खिडकीला नाक लावून बसले होते. गर्द हिरवी बेटं, प्रत्येकाभोवती फिकट निळी कड, आणि कड संपली की एकदम खोल निळं पाणी. बेटं शेकड्यांनी आहेत, कायमची वस्ती त्यातल्या तीसेकांवरच. शहराचं नाव २०२४ पासून श्रीविजयपुरम झालं, तरी रिक्षावाल्यापासून सगळ्यांच्या तोंडी अजून पोर्ट ब्लेअरच.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांना एवढ्या लांब आणावं की नाही, यावर घरात महिनाभर खल चालला होता. त्यांना एकच जागा बघायची होती. उद्या जायचं.

१३ जानेवारी

सेल्युलर जेल.

आज काय लिहू, असं झालंय. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहिते.

मधोमध मनोरा आणि त्यातून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या सात इमारती, अशी १८९६ ते १९०६ या काळात बांधलेली रचना. आता तीनच उरल्यात. प्रत्येक इमारतीचं तोंड शेजारच्या इमारतीच्या पाठीकडे. कोठडीच्या दाराशी उभं राहिलं की समोर दिसते ती दुसऱ्या इमारतीची पाठच. जवळजवळ सातशे माणसं एका कुंपणात, आणि कुणाला कुणाचा चेहरा दिसू नये याचा इतक्या बारकाईने केलेला विचार. मारहाणीच्या हकिकती लहानपणापासून ऐकल्या होत्या. हे मात्र आजवर उमगलं नव्हतं.

सावरकरांची कोठडी तिसऱ्या मजल्यावर, अगदी टोकाला. जिने चढताना अप्पा दोनदा थांबले, पण माझा हात घेतला नाही. १९११ ते १९२१, दहा वर्षं. थोरले बंधू बाबाराव त्याच तुरुंगात, आणि तरी कितीतरी काळ दोघांची गाठ नाही. खालच्या अंगणात कोलू ठेवलाय. बैलाच्या जागी माणूस जुंपायचा, दिवसाला तीस पौंड खोबरेल निघालंच पाहिजे, नाहीतर शिक्षा.

अप्पांनी कोठडी पावलांनी मोजली. लांबीला पाच, रुंदीला तीन. मागच्या भिंतीत पार वर, हात पोचणार नाही असा झरोका. मग ते दाराकडे वळले. कडी दाराजवळ नाहीच. लोखंडी अडसर दारापासून लांब, भिंतीत केलेल्या कोनाड्यात जाऊन बसतो. अप्पांनी गजांतून हात बाहेर काढला, खांद्यापर्यंत ताणला, बोटं पसरली. कोनाड्याच्या कडेलासुद्धा लागली नाहीत. हात आत घेऊन ते बराच वेळ दंड चोळत उभे राहिले.

"समुद्र कुठल्या बाजूला गं?"

"पलीकडे. इथून नाही दिसत, अप्पा."

"ऐकू येत असेल मग," ते म्हणाले.

बाहेर आल्यावर फलकावरची नावं त्यांनी एकेक करून वाचली. बंगाली नावं सर्वांत जास्त, मग पंजाब, मग बाकीचे प्रांत. १९३३ च्या उपोषणात गेलेल्या तिघांपाशी थांबले: महावीर सिंग, मोहित मैत्र, मोहन किशोर नामदास. आम्ही मराठी माणसं इथे येतो ती एका कोठडीसाठी, आणि या तिघांची नावं मला आजपर्यंत ठाऊक नव्हती, याची मनापासून खंत वाटली.

१४ जानेवारी

रॉस बेटाला जाऊन आलो. आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. जेलच्या समोर, होडीने पंधरा मिनिटांच्या आत. १८५८ च्या मार्चमध्ये पहिले २०० कैदी अंदमानात आणले आणि जंगल तोडून राजधानी वसवली ती या बेटावर. चर्च, बेकरी, नाचघर, सगळं होतं. आता भिंती उरल्यात आणि भिंतींना कवळून बसलेली वडाच्या जातीची मुळं. विटा कधीच्या सुटल्या असत्या, मुळांनीच धरून ठेवल्यात. साहेबांच्या व्हरांड्यांतून मात्र समुद्र चारही बाजूंना दिसायचा.

परत सोडायला आलेला ड्रायव्हर इथलाच. "हम लोग लोकल बॉर्न हैं," म्हणाला. सुटकेनंतर इथेच राहिलेल्या कैद्यांच्या वंशजांना तसं म्हणतात. त्याच्या पणजोबांना कुठल्या गावातून आणलं, घरात कुणालाच माहीत नाही. अप्पा उतरताना त्याच्या हातात तिळगूळ ठेवून म्हणाले, "आज संक्रांत आहे." त्याने तो लगेच खाल्ला नाही, रुमालात बांधून ठेवला.

१५ जानेवारी

बाराटांगला न जायचं ठरवलं. चुनखडीच्या गुहा आहेत, चिखलाचा ज्वालामुखी आहे, कांदळवनातून होडीची वाट आहे. मला सगळं बघायचं होतं. पण रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. गाड्यांचा ताफा करून सोडतात, मध्ये थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही. नियम चांगलेच आहेत. तरी ताफ्यातल्या कित्येकांचे डोळे झाडीत माणूस शोधत असतात, हे नाकारता येत नाही. हा रस्ता त्या भागात बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलं होतं.

अप्पांना समजावून सांगितलं. म्हणाले, "परवा पाहिलंच की आपण, माणसांना कसं कोंडतात ते. आणखी कुणाच्या दारावरून डोकावत जायचं नाही." विषय संपला.

१७ जानेवारी, नील

काल फेरीने नीलला आलो. २०१८ पासून शहीद द्वीप. गावांची नावं रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची ही वस्ती. घरांपुढे केळी, मागे भाजीचे वाफे.

सकाळी ओहोटी साधून दगडी कमानीकडे गेलो. पाणी मागे हटलं की खडकांत जागोजाग डबकी राहतात, आणि प्रत्येक डबकं एक भरलेलं घर. वाटाड्या बंगाली, पायाखाली बघूनच चालणारा. एका डबक्याशी त्याने आम्हाला बसवलं. खडकात रुतलेला मोठा शिंपला, ओठ नागमोडी, आत जांभळा-हिरवा मखमली पडदा. त्याने पाण्यावर नुसती हाताची सावली धरली. पडदा शहारला आणि शिंपला मिटला. स्पर्शसुद्धा झाला नव्हता.

"इसको दिखता है?" अप्पांनी विचारलं.

"रोशनी समझता है."

अप्पांनी आपली सावली पडू नये म्हणून जागा बदलली. पाच-सात मिनिटांनी शिंपला कणाकणाने उघडला. तोवर आम्ही कुणी बोललो नाही.

दुपारी काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ पाहिलं. मनाची तयारी केली होती तरी पोटात कालवलं. रंगीत भाग आहेत, पण मध्ये मध्ये मेलेले, राखाडी ढिगारे पसरलेत. प्रवाळाचा रंग आणि बरंचसं अन्न त्याच्या अंगात राहणाऱ्या सूक्ष्म शेवाळाचं. पाणी फार तापलं की ते शेवाळ बाहेर पडतं, प्रवाळ पांढरं पडतं, आणि उष्णता टिकली तर उपाशी मरतं. २०१० च्या उन्हाळ्यात इथलं कितीतरी प्रवाळ असं पांढरं पडलं. त्या ढिगाऱ्यांवर पोपटमासे चोचीसारख्या दातांनी खरवडत होते. ते प्रवाळ चावून चावून जे मागे टाकतात ती पांढरी वाळू. किनाऱ्यावरच्या ज्या मऊ वाळूत अप्पा काल तासभर अनवाणी चालले, तिच्यात तीही असणार.

वाटाड्याने निघताना सगळ्यांना बजावलं की शंख, शिंपले, पोवळ्याचा तुकडा, काहीही पिशवीत टाकायचं नाही. त्याने असं ठणकावून सांगितलं हे मला फार आवडलं.

१८ जानेवारी, पहाट

साडेचारलाच अप्पा उठून बसले होते. सीतापूरच्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा पूर्वेला जेमतेम फटफटत होतं. पुळणीवर एक कुत्रं आणि आम्ही दोघं.

त्यांनी धोतर गुडघ्यांवर खोचलं आणि सरळ पाण्यात शिरले. मी कोपर धरला. पाणी घोट्यावर, पोटरीवर, गुडघ्याला. आयुष्यभर त्यांनी या समुद्राला एकाच नावाने ओळखलं होतं. आजीच्या तोंडून ऐकलेलं, शाळेत वाचलेलं काळं पाणी.

सूर्याची कड वर आली. त्यांनी ओंजळ भरली, डोळ्यांजवळ नेली आणि बराच वेळ आत पाहत राहिले.

"नितळ आहे गं," म्हणाले.

ओंजळीतलं पाणी त्यांनी सांडू दिलं नाही. वाकून, हळूच, परत समुद्रात सोडलं. मग पाय पुसायला पंचा मागितला.